धोकटी गेली, खुर्ची आली

दाढी वाढली, केस कानांवर आले, की तुम्ही काय करता? पायात चपला सरकवता आणि गावातल्या दुकानात जाऊन बसता. नंबर लागेपर्यंत पेपर चाळता, कुणाच्या कापसाला काय भाव मिळाला ते ऐकता, मग खुर्चीत बसून मान मागे टाकता. एक माणूस धारेचा वस्तरा घेऊन तुमच्या गळ्याशी उभा असतो आणि तुम्ही खुशाल डोळे मिटून पेंगत असता! घरच्या माणसापाशीसुद्धा आपण इतके निर्धास्त नसतो. पण मंडळी, त्या माणसाचे घर कसे चालते, त्याच्या मनात काय आहे, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? मी तरी पन्नाशी उलटेपर्यंत केली नव्हती. खोटे कशाला बोलू?

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. जमीन हलकी, पाणी बेताचे. दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. एसटीच्या थांब्याला लागून पत्र्याचे एक दुकान आहे. दोन खुर्च्या, समोर मोठा आरसा, एक लाकडी बाक, कोपऱ्यात पाण्याची बादली. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, शेजारी जिवा महाला आणि भाई कोतवाल. दुकानाच्या मालकाला सारे गाव ‘मामा’ म्हणते. म्हातारेसुद्धा मामाच म्हणतात, आणि नुकतेच जावळ काढलेले पोरही पुढे बोलायला लागले की मामाच म्हणते.

मामांच्या वडिलांच्या काळी दुकान नव्हते. काखेत धोकटी मारायची आणि घरोघर फिरायचे. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, पितळी वाटी आणि एक लहानसा आरसा. ज्याच्या ओट्यावर बसतील तेच दुकान. बलुत्याची रीत तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असेल. वर्षभर घरातल्या सगळ्या बाप्यांची दाढी-डोई करायची आणि सुगीत खळ्यावर रास पडली की आपला वाटा मागायला जायचे. शिवाय लग्नाची आवतणे सांगायची, मोठ्या घरी पाहुणा आला तर त्याचे अंग रगडायचे, पोराचे जावळ काढायचे, दहाव्याला नदीवर हजर राहायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या साऱ्या बलुतेदारीचा हिशेब मांडलेला आहे. वाचायला मिळाला तर जरूर वाचा.

बलुत्याचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. “काय ते दिवस! कुणी उपाशी नव्हते,” असे ते म्हणतात. मामांना विचारा. ते म्हणतात, “दादा, देणाऱ्याला ते दिवस गोड लागले असतील. माझा बाप खळ्याच्या कडेला उभा राहायचा. कुणी चांगलं सूप भरून घालायचं, कुणी तळातलं मातकट. कमी घातलं म्हणून बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याचीच दाढी करायची असायची.”

मग १९७२ चा दुष्काळ आला. खळ्यावर रासच नाही, तर बलुते कशाचे? मामांचे वडील धोकटी खुंटीला टांगून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मामा तेव्हा बारा वर्षांचे. सुकडी खाऊन दिवस काढल्याचे ते अजून सांगतात. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण आमच्या गावात बलुते पुन्हा पहिल्यासारखे बसले नाही. कुणी दाणे देई, कुणी चार आणे टेकवी, कुणी नुसतेच ‘पुढच्या सुगीला बघू’ म्हणे. मामा थोरले झाले तसे तालुक्याला एका दुकानात राहिले. झाडलोट केली, गिऱ्हाइकांच्या मानेवरचे केस झटकले आणि बघता बघता कातर चालवायला शिकले. मग गावात येऊन कर्जाऊ पैशावर एक खुर्ची, एक आरसा घेतला आणि कुडाच्या खोपीत दुकान थाटले.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

दुकान उघडून पंधरवडाही झाला नसेल. दलित वस्तीतला एक तरुण आला. तालुक्याला शिकत होता. बाकावर न बसता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, आमचे केस कापाल का?” वडिलांची धोकटी त्या वस्तीत कधी गेली नव्हती. तिथले लोक एकमेकांचे केस आपापसात कापत, आणि गावाला त्यात काही गैर वाटत नव्हते. मामांना वाटले की नाही, ते त्यांनाच ठाऊक. पण ते म्हणाले, “बस.”

तो खुर्चीत बसला, आणि दिवस मावळायच्या आत ते गावभर झाले.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही रिकामा. कुणी भांडले नाही, कुणी शिवी दिली नाही. माणसे नुसती यायची थांबली. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता केव्हाच संपवली होती. १९५५ च्या कायद्याने दुकानात कुणाला नाकारणे हा गुन्हा ठरवला होता. पण गिऱ्हाईक आलेच नाही, तर कुठल्या कायद्याने आणायचे? (सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तेव्हा तो नव्हता.)

मामांना मी विचारले, “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. खुर्चीचं कर्ज होतं. बायको म्हणाली, त्या पोराला सांगा, अंधार पडल्यावर येत जा. मी सांगायला निघालोही होतो. पण मनात आलं, बाप खळ्यावर उभा राहायचा तसाच हा दारात उभा होता. मग नाही सांगितलं. मी काही मोठा सुधारक नाही, दादा. तेवढं तोंडातून निघालं नाही, इतकंच.”

पहिला आला तो आमच्या गावचा एक म्हातारा वारकरी. पांढरी मिशी, हाताला कंप. वस्तीतला तोच तरुण खुर्चीतून उठत होता. म्हातारा टेकत टेकत आला, त्याच खुर्चीत बसला आणि म्हणाला, “टॉवेल तोच राहू दे, दाढी कर.” एवढेच. पुढे यात्रा आली. घराघरांतल्या पोरांना सिनेमातल्यासारखी कटिंग पाहिजे होती, आणि ती मामांखेरीज कुणाला येत नव्हती! पोरे आधी आली, मग त्यांचे बाप आले. दोन महिन्यांत बाक भरला.

सगळेच आले असे मात्र समजू नका. एक घर अजूनही दाढीला तालुक्याला जाते. एसटीचे भाडे दाढीच्या पैशाहून जास्त होते, तरी जाते. आणि आता माझेही सांगतो. त्या दोन महिन्यांत आमच्या घरातले कुणीही मामांच्या दुकानात गेले नव्हते. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वडिलांनी घरीच कात्री घेतली आणि माझ्या डोक्याच्या पायऱ्या पायऱ्या केल्या. शाळेत पोरे हसली. ते का झाले हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले.

मामा गिऱ्हाइकांना भिंतीवरच्या तसबिरी दाखवून गोष्टी सांगतात. प्रतापगडाखाली १६५९ साली शिवरायांवरचा वार अडवणारा जिवा महाला सगळ्यांना माहीत असतो. भाई कोतवालांची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. माथेरानच्या नाभिक घरात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले. पण नुसती वकिली करीत बसले नाहीत. कर्जत भागातला शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात सावकाराच्या दारी दाण्यासाठी जातो हे पाहून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. अडीनडीला तिथून दाणे न्यायचे, पीक आले की परत भरायचे. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले, त्यांच्या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. धान्यकोठीची गोष्ट सांगताना मामांचा हात हमखास थांबतो. निम्मी दाढी साबणातच राहते.

आणखी एक गोष्ट ते सांगतात, तिची तसबीर नाही. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. जोतीराव फुल्यांच्या विचारांतून आणि नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीतून ते घडले. कोवळ्या विधवा पोरींच्या डोक्यावर वस्तरा धरायचा नाही, मग पैसे बुडाले तरी चालतील. मामा म्हणतात, “वस्तरा आमच्या हातात होता, म्हणून तर नाही म्हणता आलं.”

आता धंद्याचे ऐका. तुम्हाला वाटते, दुकान भरलेले म्हणजे पैसाच पैसा. शेतीला जसे हंगाम तसे याही धंद्याला आहेत. श्रावणात निम्मे गाव दाढी-कटिंग पाळते. नवरात्रात तेच. कुणी शनिवार पाळतो, कुणी अमावास्या. सोमवारी दुकान बंद. आणि टोळ्या ऊसतोडीला गेल्या की पाडव्यापर्यंत गावात म्हातारी माणसे तेवढी राहतात. मामा या म्हाताऱ्यांच्या घरी जातात. अंथरुणाला खिळलेल्याची दाढी करतात, नखे काढतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. कुणाला ताप आहे, कुणाच्या गोळ्या संपल्या, हे फडावरच्या लेकाला फोनवरून तेच कळवतात. दवाखान्याआधी आमच्या गावात खबर मामांना लागते.

उधारीची वही हा एक वेगळाच ग्रंथ आहे. ‘पाडव्याला देतो’, ‘कापूस गेल्यावर देतो’, ‘बिल आल्यावर देतो’. आपण किराणा दुकानदाराचे देतो, कृषी केंद्रवाल्याचे देतो, कारण तो पुढचे खत अडवील. मामा पुढची दाढी अडवीत नाहीत, म्हणून त्यांचे शेवटी. ब्लेड मात्र त्यांना रोखीने आणावे लागते. आणि प्रत्येक माणसाला नवे पाते लागते. मामा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाते मोडून वस्तऱ्यात अर्धे घालतात. तुमच्या गावात कुणी तसे करीत नसेल तर संकोच न करता सांगा. जुन्या पात्याला रक्त लागलेले असले तर ‘ब’ प्रकारची कावीळ किंवा एड्सचे विषाणू त्यातून जाऊ शकतात. तुरटीचा एकच खडा साऱ्या गावाच्या गालावरून फिरवणेही बरे नव्हे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकान बंद झाले. २८ जूनला सरकारने परवानगी दिली ती फक्त केस कापायला, दाढी करायला नाही. ते तीन महिने मामांच्या घरी काय शिजले असेल? आमच्या गावाने तेव्हा एक गोष्ट बरी केली. कुणीतरी पायलीभर ज्वारी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली, मग दुसऱ्याने तूर, तिसऱ्याने भाजी. वस्तीतूनही आले. तो दारात उभा राहिलेला तरुण आता निवृत्त मास्तर आहे. त्याने तेलाचा डबा पाठवला. मामांनी सगळे घेतले आणि सगळे वहीत लिहून ठेवले. दुकान उघडल्यावर कटिंगमधून एकेकाचे वळते केले. “राहू द्या हो मामा,” म्हटले तर म्हणाले, “बलुतं नको, दादा. हिशेब बरा.”

हल्ली दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची सून पार्लर चालवते. बायाबापड्यांना हे वाचून हसू येईल, पण लग्नसराईत तिथे बसायला जागा नसते. पूर्वी मामांची आई बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घाली, आता सून नवरीला नटवते. मुलगा पुण्याला एका मोठ्या सलूनमध्ये नोकरी करतो. महिन्याला मामांपेक्षा जास्त मिळवतो, पण खुर्ची दुसऱ्याची. तो परत येईल काय, यावर घरात वाद आहे. मामा त्यात पडत नाहीत.

परवा दसऱ्याच्या तोंडावर मी दुकानात गेलो. टोळ्या निघायच्या होत्या, त्यामुळे बाकावर, पायरीवर, बाहेर मोटारसायकलींवर माणसेच माणसे. मुकादमाकडून उचल मिळाली होती, म्हणून जुनी उधारीही फिटत होती. मीही वही मागून माझे पान काढले. पाडव्यापासूनचे दोनशे चाळीस रुपये निघाले. मान खाली घालून दिले आणि खुर्चीकडे वळलो.

“तिकडं कुठं?” मामा म्हणाले. “तुमच्या आधी सात जण आहेत. बसा बाकावर.”