अर्धांगवायूनंतरची उपाययोजना
सोलापूरनजीक अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे 2006 साली विडी कामगार स्त्रियांसाठी साम्यवादी नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. तेथील विडी वळणाऱ्यांप्रमाणे ज्यांची रोजी बोटांच्या चपळाईवरच अवलंबून, त्यांच्या घरी अर्धांगवायू म्हणजे मिळकतीवर आलेली जप्तीच होय. अर्धांगवायूत मृत झालेल्या मज्जापेशी पुनश्च सजीव होत नसल्या, तरी सरावाने नवे दुवे जोडण्याचे सामर्थ्य मेंदूच्या शाबूत भागात असते. म्हणून प्रकृती स्थिरावताच, वैद्यकीय सल्ल्याने, व्यायामोपचार आणि वाचा किंवा गिळणे बिघडल्यास वाचोपचार सुरू करावेत. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, तथापि पुढेही ती थांबत नाही. सराव मात्र नित्याच्या कामांचा हवा: परातीत पीठ मळणे, भाकरी थापणे, गुंड्या लावणे. दुबळा हात कोणी ओढू नये, आणि धडधाकट हातानेच सारे उरकण्याचा मोह रुग्णाने आवरावा.