राहुलाचा आरसा : दैनंदिन जीवनातील सम्यक स्मृती

वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका वयोवृद्ध उपासकांनी आम्हांस विचारले, "सर, चाळीस वर्षे मी रोज त्रिसरण-पंचशील म्हणतो. पण घरात राग आला की त्यातले काहीच आठवत नाही. असे का व्हावे?" प्रश्न साधा होता, परंतु आपल्यापैकी अनेकांचा तो प्रश्न आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञा आपल्या घराघरांत पोहोचल्या. त्या रोजच्या आचरणात कशा उतरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

"काहीच आठवत नाही" या शब्दांतच उत्तराची दिशा आहे. पाली भाषेतील 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृति' या शब्दाचेच रूप होय. त्याचा मूळ अर्थ स्मरण. डोळे मिटून शांत बसणे एवढ्यापुरता सतीचा अर्थ नाही. योग्य क्षणी योग्य गोष्ट मनासमोर उभी राहणे म्हणजे सती. 'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला हे एका दृष्टान्ताने समजावून दिले आहे. राजाचा भांडारप्रमुख सकाळ-संध्याकाळ त्याला त्याच्या हत्ती, घोडे, रथ व सुवर्णाची आठवण करून देतो. त्याचप्रमाणे सती मनाला कुशल काय आणि अकुशल काय याची आठवण देते. हितकर ते स्वीकारावयास आणि अहितकर ते टाकावयास लावते. १९५० साली आपल्या शहरात सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही नावे आपल्याकडे अशी रोजच्या बोलण्यात आहेत.

आता प्रश्न असा की, ही आठवण वेळेवर यावी कशी? मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्तात याची मीमांसा आहे. मनुष्य ज्या गोष्टीचा वारंवार विचार करतो, तिकडे त्याच्या चित्ताचा कल होतो. या कलाला तेथे 'नति' असा शब्द आहे. रागाचा अभ्यास आपण नकळत वर्षानुवर्षे केलेला असतो, म्हणून तो न बोलावता येतो. शीलाचे शब्द आपण मुखाने उच्चारतो; पण दिवसातील प्रत्यक्ष प्रसंगांशी त्यांची गाठ घालत नाही. म्हणून ते वंदनेपुरतेच राहतात.

ही गाठ घालण्याची पद्धत भगवंतांनी राहुलाला शिकविली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात यशोधरा व राहुल भगवंतांसमोर उभे असल्याचे प्रसिद्ध भित्तिचित्र आपण पाहिले असेल. त्याच राहुलाला अम्बलट्ठिका येथे दिलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे. आरसा कशासाठी असतो, असे भगवंत त्यास विचारतात. पाहण्यासाठी, असे तो उत्तर देतो. त्याचप्रमाणे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म पाहून-तपासून करावे, असा तो उपदेश आहे. हे तपासणे तीन वेळा करावयाचे : कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. कसोटी एकच : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? कायेने वा वाचेने चूक घडली असेल, तर ती सुज्ञ सहकाऱ्यापाशी उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. कर्म कुशल असेल, तर त्याच्या आनंदात शिक्षण चालू ठेवावे.

हा उपदेश केवळ भिक्खूंसाठी आहे असे कोणी समजू नये. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या सात धम्मग्रंथांची शिफारस केली, त्यांत असत्यासंबंधीचा राहुलास केलेला उपदेश आहे; आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ते ग्रंथ ऐकावेत, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे.

व्यवहारात याची सुरुवात अल्प गोष्टींनी करावी. पहाटे उठल्यावर मोबाईल हाती घेण्यापूर्वी काही श्वास जाणीवपूर्वक घ्यावेत व आजच्या दिवसासाठी एकच शील निवडावे. जेवताना जेवणाकडेच लक्ष असावे. कामावरून परतल्यावर घराच्या उंबरठ्याशी क्षणभर थांबावे. दिवसभराचा शीण आपण घरातल्यांवर काढणार आहोत काय, हे पाहावे. रात्री वंदनेनंतर त्या एका शीलाच्या संदर्भात दिवसातील दोन-तीन प्रसंग आठवावेत. एखादा दिवस चुकला तर खंत करीत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. सम्यक व्यायामाचा अर्थ हाच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडे सतीचा प्रचार मानसिक ताण घालविण्याचे व कार्यक्षमता वाढविण्याचे साधन म्हणून जगभर होत आहे. त्यात उपयुक्तता आहे; परंतु राहुलाच्या आरशात स्वतःबरोबर दुसराही दिसतो, हे विसरता येत नाही. धम्म हा मूलतः सामाजिक आहे, माणसामाणसांतील योग्य संबंध म्हणजे धम्म, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादिले आहे. म्हणून व्यक्तीच्या प्रगतीचे माप तिच्या सहवासातील माणसांना विचारावे लागते.

त्या उपासकांना आम्ही एवढेच सुचविले की, रात्री पंचशील म्हटल्यावर चौथ्या शीलापाशी थांबावे आणि आज आपण कोणाशी कठोर बोललो ते आठवावे. काही महिन्यांनी ते विहारात भेटले. म्हणाले, "राग अजून येतो, सर. पण आता त्याच रात्री सुनेशी बोलून घेतो. पूर्वी आठ-आठ दिवस अबोला असायचा."