‘द आयरिशमन’ नक्की कोणी पाहिला? प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया डेटा म्हणून वाचताना

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न वारंवार येतो: “ताई, रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक वाचलं, व्याख्या पाठ झाल्या, पण हे प्रत्यक्षात वापरायचं कसं?” म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवूया आणि एका सिनेमाबद्दल लोक काय म्हणाले ते बघूया. सिनेमा आहे मार्टिन स्कोर्सेसीचा ‘द आयरिशमन’ (२०१९). पुढे शेवटाबद्दल लिहिलं आहे, म्हणजे सिनेमा बघायचा राहिला असेल तर आधी बघून या. फक्त वेळ काढून बसा, कारण तो २०९ मिनिटांचा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. फ्रँक शीरन हा ट्रकचालक माफियासाठी माणसं मारायला लागतो. कामगार नेता जिमी हॉफा त्याचा जवळचा मित्र होतो आणि शेवटी वरून हुकूम आल्यावर फ्रँक त्यालाच मारतो. (खरा हॉफा ३० जुलै १९७५ रोजी बेपत्ता झाला. शीरनने पुस्तकात दिलेली कबुली खरी की खोटी, यावर वाद आहे.) इतर गुंडपटांसारखा हा सिनेमा खुनापाशी संपत नाही. फ्रँक म्हातारा होतो, साथीदार एकेक करून मरतात आणि मुलगी पेगी त्याच्याशी बोलणं टाकते. तो स्वतःच स्वतःची शवपेटी निवडून येतो. शेवटी वृद्धाश्रमातल्या खोलीत एकटाच बसलेला असतो.

प्रतिक्रिया दोन टोकांच्या आल्या. कोणी म्हणालं ‘उत्कृष्ट’, कोणी म्हणालं ‘संपतच नाही’. आता संशोधक म्हणून तुम्ही याकडे कसं बघाल?

१. ‘पाहिला’ म्हणजे काय?

सिनेमा नेटफ्लिक्सवर २७ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. पहिल्या ७ दिवसांत २ कोटी ६४ लाख खात्यांनी तो पाहिला, असं कंपनीने सांगितलं. आकडा मोठा आहे, पण यातल्या ‘पाहिला’ शब्दावर थांबा. त्यांच्या हिशेबात किमान ७० टक्के भाग बघितला की ‘पाहिला’.

२०९ मिनिटांचे ७० टक्के म्हणजे साधारण १४६ मिनिटं. मागे उरतो एक तासाहून जास्त भाग. हॉफाचा खून, पेगीचं तुटणं, तुरुंग, म्हातारपण, पाद्र्यासमोरची अडखळती कबुली, हे सगळं या उरलेल्या भागात येतं. म्हणजे सिनेमा ज्या पश्चात्तापाबद्दल आहे तो पश्चात्ताप न बघताही माणूस ‘प्रेक्षक’ म्हणून मोजला जातो.

याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. एखादी संकल्पना मोजायची तर ती कशावरून मोजणार, हे आधी ठरवावं लागतं. व्याख्या बदलली की आकडा बदलतो. पुढे २०२० च्या सुरुवातीला त्याच कंपनीने निकष किमान २ मिनिटांवर आणला. आता या दोन निकषांवरचे आकडे शेजारी ठेवून ‘प्रेक्षक वाढले’ म्हणता येईल का? नाही ना? पण प्रबंधांमध्ये असं सर्रास होतं. तुमच्या विषयातला ‘समाधान’, ‘जागरूकता’ किंवा ‘रुजलेलं बी’ हा शब्द घ्या आणि हाच प्रश्न विचारा.

२. तुलना कशाशी?

नील्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेने अमेरिकेतले आकडे दिले. त्यानुसार पहिल्या दिवशी सिनेमा सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांनीच तो त्या दिवशी पूर्ण बघितला. लगेच निष्कर्ष निघाला: ‘बघा, लोक कंटाळून उठले!’

घाई करू नका. हा आकडा फक्त टीव्हीच्या पडद्यावरचा होता, मोबाइल आणि लॅपटॉप त्यात नव्हते. तो दिवस बुधवार होता, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या आदली रात्र. साडेतीन तासांचा सिनेमा रात्री नऊला लावला तर अर्ध्यावर झोप येणारच, राहिलेला उद्या बघू. आणि मुख्य म्हणजे दोन तासांच्या ‘बर्ड बॉक्स’ला पहिल्या दिवशी साधारण तेवढेच टक्के मिळाले होते! तुलनेचा गट नसताना १८ टक्के हे कमी की जास्त, हे कळायला मार्गच नाही.

३. जे गळाले त्यांचं काय?

इथे माझी चूक सांगते. मी बियांच्या रुजण्यावर काम करते. पहिल्या वर्षी दोन वाणांची तुलना करताना मी बी रुजायला लागणाऱ्या दिवसांची सरासरी काढली. जी बियाणं प्रयोग संपेपर्यंत रुजलीच नाहीत, त्यांच्यापुढे दिवसांचा आकडा नव्हता. म्हणून मी त्या ओळी सरळ काढून टाकल्या. तक्ता छान स्वच्छ दिसला. मॅडमनी तो बघून एवढंच विचारलं, “बाकीची कुठे गेली?”

समजा एका वाणाची ५० पैकी १२ बियाणं रुजली, सरासरी ५ दिवसांत. दुसऱ्याची ४१ रुजली, सरासरी ८ दिवसांत. माझ्या तक्त्यात पहिलं वाण ‘चांगलं’ ठरत होतं! मी तीन महिन्यांचं विश्लेषण पुन्हा केलं. न रुजलेलं बी ही रिकामी जागा नसते. ‘या दिवसापर्यंत रुजलं नाही’ हीसुद्धा माहितीच आहे.

सिनेमाचंही तसंच आहे. शेवटच्या अर्ध्या तासाने हलवून टाकलं, असं लिहिणारे सगळे शेवटपर्यंत टिकलेले. पहिल्या तासात उठलेले त्याबद्दल लिहूच शकत नाहीत. उलट बाजूला, ‘संथ आहे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण शेवटापर्यंत पोचले, हे आपल्याला दिसत नाही. दोन्ही गट खरं बोलत आहेत, पण त्यांनी एकच सिनेमा पाहिलेला नाही.

४. एकच शब्द, दोन अर्थ

गुणात्मक संशोधन करणार असाल तर हा भाग नीट वाचा. प्रतिक्रियांचं कोडिंग करताना ‘संथ’ असा एक कोड बनवाल, तर फसाल. कोणासाठी तो दोष आहे, तर कोणासाठी त्या संथपणातच म्हातारपण दिसतं.

पेगीचंही तसंच. मोठ्या पेगीच्या भूमिकेत ॲना पॅक्विन आहे आणि तिला मोजकीच वाक्यं आहेत. बऱ्याच जणांनी तक्रार केली की बाईच्या पात्राला बोलूच दिलं नाही. दुसऱ्यांचं म्हणणं असं की तिचं न बोलणं हीच बापाला झालेली शिक्षा. वस्तुस्थितीवर दोघांचं एकमत आहे, तिच्या अर्थावर नाही. म्हणून कोड दोन पातळ्यांवर करा: आधी प्रेक्षकाने काय टिपलं, मग त्याला कसं घेतलं. चेहरे तंत्राने तरुण केलेल्या नटांबद्दलही हेच. किराणा दुकानदाराला मारहाण करण्याच्या प्रसंगात डी नीरोचा चेहरा तरुण आणि शरीर सत्तरीतलं आहे, हे अनेकांनी टिपलं. काहींना ते हास्यास्पद वाटलं. काहींना वाटलं, म्हातारा आपली आठवण सांगतोय, तर असंच दिसणार.

५. मोजमाप कधी आणि कुठे?

मी हा सिनेमा पहिल्यांदा होस्टेलवर मोबाइलमध्ये बघितला. (फोनवर बघू नका, अशी विनंती खुद्द स्कोर्सेसीने केली होती.) दोन तासांनी बंद केला आणि मैत्रिणीला सांगितलं, बोअर आहे.

दोन वर्षांनी सुट्टीत घरी टीव्हीवर लावला. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, शेजारी येऊन बसले. मधला बराचसा वेळ त्यांनी डुलक्या काढल्या. जागे झाले ते हॉफा मेल्यावर, फ्रँक त्याच्या बायकोला फोन करून धीर देतो तिथे. मग मात्र हलले नाहीत. पुढे एका प्रसंगात फ्रँक कुबड्या घेऊन पेगीच्या बँकेत जातो आणि ती काउंटर बंद करून निघून जाते. तिथे बाबा म्हणाले, “जरा थांबव.” पाणी प्यायले, परत आले. सिनेमा संपल्यावर मी सवयीने विचारलं, दहापैकी किती? ते म्हणाले, “मार्क कसले देतेस? मला आण्णांची आठवण झाली.” आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वाटणीवरून दोघं बरीच वर्षं बोलत नव्हते, आणि आता आण्णा नाहीत.

आता या घरचा डेटा बघा. खातं एक, माणसं दोन. नोंद झाली ‘पूर्ण पाहिला’ अशी, आणि त्यातले एक निम्म्या वेळ झोपलेले. त्या झोपलेल्या माणसालाच सिनेमा सगळ्यात खोल लागला. दोन वर्षांपूर्वीची माझी नोंद ७० टक्क्यांच्या निकषात बसलीच नसती. मला त्या वेळी विचारलं असतं तर मी दहापैकी चार दिले असते, आणि तेही प्रामाणिकपणे.

याचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत, असा काढू नका. आकड्यांशिवाय किती जण, कुठपर्यंत, केव्हा हे कळणार नाही. पण आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. ‘किती जण शेवटपर्यंत पोचले?’ आणि ‘शेवट कोणाला लागला?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना साधनंही वेगळी लागतात. पहिल्याला नोंदी पुरतील. दुसऱ्यासाठी माणसाशेजारी बसावं लागेल, आणि तो “जरा थांबव” म्हणाला की थांबावं लागेल.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना अलीकडे पाहिलेल्या एका लांब सिनेमाबद्दल विचारा. पाच रकाने करा: कुठपर्यंत पाहिला, कशावर, कोणासोबत, काय लक्षात राहिलं, कसा वाटला. अर्धवट सोडणाऱ्यांची ओळ काढून टाकू नका. तक्ता झाला की बघा, तुमचं पहिलं मत किती टिकतं. पुढच्या लेखात याच तक्त्यावरून संशोधन प्रश्न कसा लिहायचा, ते बघू.