परवा म्हणजे नेमके केव्हा?

आरंभी माझ्याच फजितीची एक गोष्ट सांगतो.

एका शुक्रवारी सकाळी आमच्या महाविद्यालयातील अकरावीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. विज्ञान प्रदर्शनाच्या तिच्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस होता. मी तासाला निघालो होतो. "दुपारी तीनला प्रयोगशाळेत ये, अर्ज वाचून सही करतो," असे मी तिला सांगितले. विसरू नये म्हणून मोबाइलमधील रोजनिशीच्या ॲपमध्ये घाईघाईने लिहिले : ‘शुक्रवार, ३ वाजता, सही’. तीनला घंटी वाजेल या भरवशावर मी निश्चिंत झालो आणि शेवटचा तास संपताच घरी गेलो. तिकडे ती मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी साडेचारपर्यंत उभी होती. अर्ज राहिला तो राहिलाच.

घंटी वाजली, पण ती पुढच्या शुक्रवारी, दुपारी ठीक तीन वाजता!

यंत्र बिघडले होते का? मुळीच नाही. शुक्रवारच्याच दिवशी ‘शुक्रवार’ असे लिहिले, तर तो आजचा की आठ दिवसांनी येणारा? माझ्या मनात आजचा होता, ॲपने येणारा धरला. दोन्ही अर्थ बरोबरच आहेत. रोजनिशीच्या ॲपमध्ये तारीख आपल्या बोलीत लिहिण्याची सोय असते. ‘उद्या’, ‘मंगळवारी’, ‘दोन आठवड्यांनी’ असे लिहिले की पुरते. ही सोय काम कशी करते आणि कोठे अडखळते, ते आज पाहू.

संगणकाची तारीख

तुमच्यामाझ्या दृष्टीने तारखेला दिवस, महिना, वर्ष, वार असे भाग असतात. संगणकाला मात्र काळ हा एका सरळ रेषेसारखा असतो. त्या रेषेवर कोठे तरी शून्य मांडायचे आणि तेथून सेकंद मोजत जायचे. युनिक्स या प्रणालीत आणि तिच्या वळणावर चालणाऱ्या असंख्य संगणकांत हे शून्य १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री मांडले आहे. ही मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. आपली प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते.

एका दिवसात २४ × ६० × ६० म्हणजे ८६,४०० सेकंद असतात. १९७० या वर्षात ३६५ दिवस होते. तेव्हा १९७१ च्या आरंभाचा क्षण म्हणजे ३,१५,३६,००० हा आकडा. घंटी केव्हा वाजवायची हे ठरवण्यासाठी यंत्राला असा एकच आकडा लागतो. ‘परवाच्या सुमारास’ असा आकडा नसतो. सैल शब्दांतून हा एक नेमका आकडा काढणे, हेच आज्ञावलीचे काम.

आरंभबिंदू

पदार्थविज्ञानात तुम्ही शिकला आहात की, ‘गाडी ५ किलोमीटरवर आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोठून ५ किलोमीटर आणि कोणत्या दिशेला, हेही सांगावे लागते. ‘उद्या’, ‘चार दिवसांनी’ हे शब्द असेच आहेत. त्यांना आरंभबिंदू हवा असतो. तो बहुधा ‘लिहिले तो क्षण’ हा असतो आणि संगणकाला तो स्वतःच्या घड्याळातून मिळतो. घड्याळच एक दिवस मागे असेल तर ‘उद्या’ ही चुकणार, हे उघड आहे.

आता दिशेचे पाहा. आपल्या मराठीतला ‘परवा’ हा शब्द घ्या. ‘परवा मामा आले’ आणि ‘परवा मामा येतील’, दोन्ही वाक्ये आपण बोलतो. पहिल्यातला परवा दोन दिवस मागे आहे, दुसऱ्यातला दोन दिवस पुढे. दिशा शब्दात नाही, ती क्रियापदात आहे! रोजनिशीत तर आपण क्रियापद लिहीतच नाही. ‘परवा : मामा’ एवढेच लिहितो. घरातल्या माणसांना मामा आले की यायचे आहेत हे ठाऊक असते, म्हणून कोणाचे अडत नाही. यंत्राला ते ठाऊक नसते. त्याला एखादा नियम द्यावा लागतो. उदाहरणार्थ, ‘रोजनिशीत माणूस बहुधा पुढच्या गोष्टी लिहितो, म्हणून शंका आल्यास पुढचा दिवस धर’. हा नियम शंभरातून बऱ्याच वेळा बरोबर ठरेल, पण नेहमी नाही.

वार कसा शोधतात?

वाराचे गणित सोपे आहे. रविवारला ०, सोमवारला १, मंगळवारला २ असे करीत शनिवारला ६ हा क्रमांक द्या. समजा, आज गुरुवार आहे (क्रमांक ४) आणि तुम्ही ‘मंगळवार’ लिहिले (क्रमांक २). हव्या असलेल्या वारातून आजचा वार वजा करा : २ − ४ = −२. उत्तर ऋण आले, म्हणून त्यात ७ मिळवा : ५. म्हणजे मंगळवार पाच दिवसांनी येईल. बोटांवर मोजून पाहा. शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ. बरोबर पाच.

आता माझा शुक्रवार घ्या. ५ − ५ = ०. गणित सांगते, शून्य दिवस, म्हणजे आज. पण ‘शून्य आल्यास ७ धर’ असाही नियम आज्ञावली लिहिणारा घालू शकतो. माझ्या ॲपमध्ये तसाच नियम असणार. गणित दोघांचेही बरोबर, फक्त निवड वेगळी.

‘पुढच्या मंगळवारी’ असे लिहिले तर गुंता आणखी वाढतो. गुरुवारी बोलताना काही जणांचा ‘पुढचा मंगळवार’ पाच दिवसांनी येतो, तर काही जण पाच दिवसांनंतरच्या मंगळवाराला ‘येता’ म्हणतात आणि ‘पुढचा’ त्याच्या नंतरचा, म्हणजे बारा दिवसांनी येणारा. तुमच्या घरी विचारून पाहा. एकाच घरात दोन उत्तरे मिळाली तर नवल वाटू देऊ नका.

महिना : एक लवचीक माप

‘एका आठवड्याने’ म्हणजे सात दिवसांनी, यात वाद नाही. पण ‘एका महिन्याने’ म्हणजे किती दिवसांनी? महिना २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा असतो. शाळेतली मोजपट्टी दर वेळी थोडी लांब किंवा आखूड होऊ लागली तर तुमची कशी त्रेधा उडेल, तशीच येथे संगणकाची होते.

समजा, ३१ जुलैच्या एक महिना आधीची तारीख हवी आहे. जुलैच्या जागी जून ठेवला की ३१ जून होतो. पण जूनला ३१ तारीखच नाही! आता काय करावे? ग्नू प्रणालीतील ‘डेट’ या आज्ञेच्या माहितीपुस्तकात नेमके हेच उदाहरण दिले आहे. ती आज्ञा जूनच्या ३० तारखेपुढे एक दिवस सरकते आणि उत्तर देते १ जुलै! एक महिना मागे जायला निघालो आणि त्याच महिन्यात राहिलो. याउलट, एक्सेलमधील ‘ईडेट’ हे सूत्र महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबते आणि उत्तर देते ३० जून. प्रश्न एक, आज्ञावल्या दोन आणि उत्तरेही दोन. यांपैकी कोणालाही चूक म्हणता येणार नाही, कारण प्रश्नच सैल होता.

रात्रीचे बारा

वेळेचीही अशीच गंमत आहे. सव्वा म्हणजे पाव अधिक, साडे म्हणजे अर्धा अधिक, पावणे म्हणजे पाव कमी. हे नियम यंत्राला सहज शिकवता येतील. मात्र दीड आणि अडीच हे शब्द या नियमांत बसत नाहीत, ते त्याला वेगळे पाठ करावे लागतील. आपणही लहानपणी ते वेगळेच पाठ केले होते, नाही का?

खरी अडचण मध्यरात्रीची. ‘सोमवारी रात्री एक वाजता’ असे म्हणताना आपल्या मनात सोमवारचे जेवण झाल्यानंतरची रात्र असते. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्या हिशेबानेही तो सोमवारच. घड्याळाचा वार मात्र मध्यरात्री बदलतो. त्याच्या दृष्टीने रात्री एकला मंगळवार लागून एक तास झालेला असतो. रेल्वेच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० ही वेळ असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच स्थानकावर पोचायला हवे. १५ च्या रात्री जाणाऱ्याची गाडी जवळजवळ चोवीस तास आधीच निघून गेलेली असते.

एका खगोलशास्त्रज्ञाची रोजनिशी

ही सोय विचारपूर्वक कशी करता येते, याचे एक चांगले उदाहरण आहे. कार्स्टन डॉमिनिक हे ॲम्स्टरडॅम येथील खगोलशास्त्रज्ञ. स्वतःची टिपणे आणि कामे नीट लावण्यासाठी २००३ साली त्यांनी ‘ऑर्ग मोड’ नावाची आज्ञावली लिहिली. ‘ईमॅक्स’ या मजकूर लिहिण्याच्या प्रणालीत ती चालते, आणि जगभर अनेक जण ती वापरतात.

तीत तारीख विचारली गेली की, तुम्ही पूर्ण तारीख लिहिण्याची गरज नसते. अधिक चिन्ह, ४ हा आकडा आणि दिवसासाठीचे इंग्रजी ‘डी’ हे अक्षर लिहिले की आजपासून चौथा दिवस ठरतो. अधिक चिन्ह, २ आणि मंगळवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे लिहिली की आजपासूनचा दुसरा मंगळवार. नुसते १४ लिहिले तर या महिन्याची १४ तारीख धरली जाते. ती उलटून गेली असेल तर पुढच्या महिन्याची. जो भाग तुम्ही गाळाल, तो आज्ञावली आजच्या तारखेवरून भरते आणि शक्य तेथे भविष्यकाळ धरते.

पण येथेही सावध राहावे लागते. २/५ असे लिहिले तर आपण ‘२ मे’ वाचतो. ऑर्ग मोड मात्र अमेरिकेच्या रीतीने महिना आधी धरून ‘५ फेब्रुवारी’ वाचते! अशी गफलत होऊ नये म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यात वर्ष, मग महिना, मग दिवस असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम आहे. २ मे २०२५ ही तारीख त्यात २०२५-०५-०२ अशी लिहितात.

मग डॉमिनिक यांच्या आज्ञावलीत चांगले ते काय? तुम्ही टंकलेखन करीत असतानाच, तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला ते ती पूर्ण तारखेच्या रूपात शेजारी दाखवत राहते. २/५ लिहिताच तेथे फेब्रुवारी दिसतो, आणि बटण दाबण्यापूर्वीच चूक ध्यानात येते. फोनवर पत्ता लिहून घेणारा माणूस शेवटी तो परत वाचून दाखवतो, तसेच हे.

करून पाहा

एका मित्राला संगणक करा. त्याला आजची तारीख आणि वार सांगा. पाच चिठ्ठ्यांवर ‘शनिवारी’, ‘पुढच्या सोमवारी’, ‘महिन्याने’, ‘परवा’, ‘रविवारी रात्री बारा’ असे लिहा आणि मनातली खरी तारीख चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. मित्राने प्रत्येक चिठ्ठीसाठी एकच तारीख लिहावयाची. तुम्हाला प्रश्न विचारावयाचे नाहीत. मग चिठ्ठ्या उलटा. जेथे उत्तरे जुळली नाहीत, तेथे वाद होणार नाही असा नियम दोघे मिळून तयार करा. आणखी एक : बुधवारी ‘सोमवार’ लिहिले तर किती दिवस मोजावे लागतील, ते वर सांगितलेल्या रीतीने काढा. (उत्तर : १ − ३ + ७ = ५ दिवस.)

त्या विद्यार्थिनीची मी माफी मागितली. "सर, मीच तुम्हाला पुन्हा आठवण करायला हवी होती," असे ती म्हणाली, पण हातातला अर्ज तिने अजून टाकून दिला नव्हता, हे मला दिसले. तेव्हापासून मी रोजनिशीत काही लिहिले की, खाली उमटलेली पूर्ण तारीख आणि वार वाचल्याशिवाय फोन खिशात टाकत नाही. या वाचनाला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत.