परसबाग : जागेप्रमाणे पद्धत, ऋतूप्रमाणे पीक

गोव्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा भाग बेळगाव परिसरातून घाट उतरून येतो. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळून वाहतूक खोळंबली, की त्याचा परिणाम पणजी-मडगावच्या बाजारात तत्काळ जाणवू लागतो. अशा प्रसंगी ‘आपणच घरी थोडी भाजी का लावू नये ?’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. मग उत्साहाने कुंड्या आणल्या जातात, माती भरली जाते, बी पेरले जाते. आणि काही महिन्यांतच त्या रिकाम्या कुंड्या गच्चीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या दिसतात. ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून गृहस्थ तो नाद सोडून देतात.

वस्तुतः दोष हाताचा नसतो. शेजाऱ्याने जी पद्धत अवलंबिली तीच आपल्या घरी जशीच्या तशी आणली, हे अशा अपयशाचे एक प्रमुख कारण होय. भाजी लावण्याची सर्वांना सोयीची अशी एकच पद्धत नाही. ऊन, पाणी, जागा आणि आपला वेळ या चार गोष्टींचा हिशेब मांडून पद्धत ठरवावयाची असते.

प्रथम ऊन पाहावे

भेंडी, वांगी, मिरची, टोमॅटो यांसारख्या फळभाज्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. तांबडी भाजी, पालक, मेथी इत्यादी पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावरही तग धरतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे मे महिन्यात भरपूर ऊन मिळणारी जागा डिसेंबरात दक्षिणेकडील इमारतीच्या सावलीत जाऊ शकते. ज्या ऋतूत पीक घ्यावयाचे त्या ऋतूतले ऊन पाहूनच जागा निश्चित करावी. माडा-पोफळींच्या दाट सावलीत फळभाज्यांचा आग्रह धरू नये. तेथे अळू, सुरण, आले व हळद लावावी. आपल्या कुळागरांतून हेच पूर्वापार चालत आले आहे.

परसू असल्यास

ज्यांच्या घरामागे जमीन आहे त्यांनी कुंड्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. जमिनीत मुळांना खोलवर जाता येते, ओल टिकते आणि खर्चही कमी येतो. मात्र गोव्यात ऋतूप्रमाणे जमिनीवरील पद्धत बदलावी लागते.

येथे वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एका चौरस मीटर जागेवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. यावरून प्रत्येक चौरस मीटरवर किती पाणी ओतले जाते, याची कल्पना यावी. सपाट वाफ्यात हे पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून पावसाळ्यात मातीचे उंच ढीग करून त्यांवर दोडकी, पडवळ, कारली, काकडी यांचे बी टोचावे आणि वेल मांडवावर चढवावेत. जूनच्या मध्यास लावलेली काकडी साधारण दीड महिन्यात, तर दोडकी दोन महिन्यांत धरू लागतात. चतुर्थीच्या माटोळीला घरच्या वेलीवरचे फळ बांधता येते ते या वेळापत्रकामुळेच !

पाऊस सरल्यावर गादीवाफे करावेत. वाफ्याची रुंदी १ मीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तांबडी भाजी पेरणीपासून २५ ते ३० दिवसांत काढणीस येते, तर भेंडीचा पहिला तोडा दीड महिन्याच्या सुमारास मिळतो. वांगी व मिरचीचा तरवा आधी तयार करून चार-पाच आठवड्यांनी रोपे लावावी लागतात. आपली जांभ्याची माती पावसाने धुपून आम्लधर्मी होते. तेव्हा शेणखत भरपूर द्यावे. चुना मात्र माती तपासून घेतल्यानंतरच घालावा.

उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी लागते, म्हणजे २० चौरस मीटरांच्या बागेला १०० लिटर. एप्रिल-मे महिन्यांत विहीर इतके पाणी देणार नसेल, तर बाग आधीच लहान करावी. पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल अधिक काळ टिकते.

केवळ गच्ची असल्यास

शहरातील सदनिकांत राहणाऱ्यांना कुंड्या किंवा पिशव्या हाच सोयीचा मार्ग आहे. पालेभाज्यांना १५ सेंटीमीटर खोली पुरते. वांगी, मिरची व भेंडीस ३० सेंटीमीटर तरी हवी. लहान कुंडीत वांगे लावून फळाची वाट पाहणे व्यर्थ होय. कुंडीतील माती लवकर सुकते. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालावे लागते. आठवड्यातून चार दिवस घर बंद ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

गच्चीवर थेट मातीचा थर पसरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ओल्या मातीचा २० सेंटीमीटर जाडीचा थर प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलोहून अधिक भार टाकतो. माणसांचा वावर असलेली गच्ची सामान्यतः प्रति चौरस मीटर सुमारे १५० किलो भार गृहीत धरून बांधलेली असते. तेव्हा अभियंत्याच्या सल्ल्यावाचून अशी बाग करणे म्हणजे घरालाच धोका पत्करणे होय. माती, कुजलेले खत आणि नारळाच्या सोडणाचा धुतलेला भुसा समभाग घेतल्यास मिश्रण हलके होते. कुंड्या भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात.

मातीविना शेती

अलीकडे पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजी वाढविण्याच्या पद्धतीविषयी कुतूहल वाढले आहे. पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने ते कमी लागते, आणि पालेभाज्या स्वच्छ व झपाट्याने येतात. परंतु आरंभीचा खर्च अधिक असतो आणि द्रावणाची आम्लता नियमित तपासावी लागते. नळीतून पाणी वाहते ठेवणाऱ्या पद्धतीत वीज काही तास गेली व पंप थांबला, तर उन्हाळ्यात रोपे माना टाकतात. ज्यांना या गोष्टींची आवड व सवड आहे त्यांनी ही पद्धत अवश्य अनुसरावी. नवशिक्याने मात्र येथून प्रारंभ करू नये.

थोडक्यापासून आरंभ

दहा कुंड्यांतून कुटुंबाची भाजीची सगळी गरज भागत नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. तथापि आठवड्यातून दोनदा ताजी तांबडी भाजी, रोजची मिरची आणि बाजार कडाडला असता हाताशी चार दोडकी, एवढे पदरात पडले तरी श्रमाचे चीज झाले असे समजावे. पहिल्या वर्षी एकच वाफा किंवा सहा कुंड्या घ्याव्यात आणि भाज्या तीनच निवडाव्यात. सात शिरांची भेंडी, ताळगावची वांगी अशी आपल्या हवामानात रुळलेली वाणे मिळाल्यास ती आवर्जून लावावीत, आणि उत्तम झाडावरचे एखादे फळ बियाण्यासाठी राखून ठेवावे. घरातील वृद्ध स्त्रियांना हे बियाणे जपण्याची रीत ठाऊक असते. ती त्यांच्याकडून शिकून घ्यावी. आपल्या तालुक्यातील विभागीय कृषी कार्यालयात माती, बियाणे व खते यांविषयी चौकशी करावी.

खरेदीला निघण्यापूर्वी आठवडाभर आपल्या अंगणात किंवा गच्चीवर ऊन कोठे येते, पाणी किती उरते आणि आपल्याला सवड किती मिळते, याची नोंद ठेवावी. कोणती पद्धत स्वीकारावी याचे उत्तर त्या नोंदीतच सापडेल.