ओढीचा पंखा

१९२२ साली आंदर मावळातल्या ठोकळवाडी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीच्या वीजगृहात पडू लागले. त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेत, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा मुलगा पायांत लाकडी फळ्या बांधून मोटरबोटीच्या दोराला धरून पाण्यावर उभा राहिला. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी पाण्यात कोणते चाक घालायचे हा प्रश्न दोन्हीकडे होता, आणि भिवपुरीच्या अभियंत्यांनी तो पहिल्याच फटक्यात बरोबर सोडवला. पाचशे मीटरांहून अधिक उतार आणि त्यामानाने मोजके पाणी, म्हणून त्यांनी पेल्टन चाक निवडले. जागेने चाक ठरवले. माणसांना ओढणाऱ्या बोटींच्या जगात मात्र पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, निवड ओढीवरून करायची, हे पचनी पडायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे गेली, आणि आपल्याकडे जलक्रीडेची बोट घेणारे आजही पहिल्यांदा तिचा कमाल वेगच विचारतात.

खरे तर प्रोपेलरची लायकी सिद्ध झाली तीच मुळी ओढीच्या परीक्षेत. १८४५ साली ब्रिटिश आरमाराने प्रोपेलरवर चालणारे ‘रॅटलर’ आणि बाजूच्या चाकांवर चालणारे ‘अलेक्टो’ ही दोन जहाजे पाठीला पाठ लावून दोराने बांधली आणि दोघांनाही पूर्ण ताकदीने पुढे जायला लावले. रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटहून अधिक वेगाने उलटे खेचत नेले. शर्यतीही झाल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही खेचाखेच. ओढणे आणि पळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हाच डोळ्यांसमोर आले होते.

पंख्याचे दोन आकडे महत्त्वाचे असतात: व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा लोण्यासारख्या घट्ट पदार्थात फिरला, तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल ते अंतर. पाणी घट्ट नसते, म्हणून प्रत्यक्षातले अंतर कमी भरते, आणि ही तूट म्हणजे स्लिप. १३ इंच पिचचा पंखा मिनिटाला ३४०० फेरे घेत असेल, तर कागदावर बोट ताशी ६७ किलोमीटरने जायला हवी. ती ५८ ने जात असेल, तर स्लिप १४ टक्के झाली, आणि हा हिशेब उत्तम म्हणायला हवा. पण हीच बोट जागेवरून सुटते, पाण्यात बुडालेल्या माणसाला वर काढते, त्या पहिल्या काही सेकंदांत पंखा जवळजवळ जागच्या जागी पाणी घुसळत असतो. मोठ्या पिचचा पंखा तिथे इंजिनाला फेरेच घेऊ देत नाही. खंडाळ्याचा घाट भरलेल्या ट्रकने टॉप गिअरमध्ये चढायला घ्यावा, तशी त्याची गत होते.

१९६१ साली करेक्ट क्राफ्ट कंपनीने ‘स्की नॉटिक’ बाजारात आणली, तेव्हापासून केवळ पाण्यावरच्या स्कीसाठी बांधलेल्या इनबोर्ड बोटींचे युग सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. इंजिन बोटीच्या मध्यावर, शाफ्ट सरळ तळातून खाली, गिअरमध्ये फेरे कमी करणे बहुधा नाही, आणि टोकाला तेरा इंचांच्या आसपासचा तीन पात्यांचा पितळी पंखा, अशी ही रचना होती. पंखा बोटीच्या पोटाखाली दडलेला असल्याने मागच्या माणसाच्या पायापासून तो दूर राहतो. आउटबोर्डच्या तुलनेत हा फायदा जिवाचा आहे. स्लॅलमच्या, म्हणजे तरंगत्या खुणांभोवती वळत जायच्या, स्पर्धेत पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. बोट हलकी, मागे एक माणूस, वेग ठरलेला. त्या कामासाठी वेगाचा पंखा चालून जात होता, म्हणून चूक झाकली गेली.

नव्वदच्या दशकात वेकबोर्ड, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर उड्या मारायची फळी, आला आणि झाकण उघडले. मागे मोठी लाट हवी, म्हणून बोटीत मुद्दाम पाणी भरून वजन वाढवू लागले. पुढे दोर सोडून लाटेवर स्वार होण्याचा वेकसर्फ आला. त्यात बोटीचा वेग ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर आणि भरलेल्या पाण्याचे वजन हजार किलोहून अधिक. शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल आणि पिच १४ इंच असेल, तर कागदावरचा वेग ४२ च्या पुढे जातो. बोट चालली आहे १८ ने. निम्म्याहून अधिक स्लिप! जुने पंखे इथे पाणी फाडत, थरथरत, इंधन पीत राहिले. मग बोटबांधणी करणाऱ्यांनी गिअरमध्ये फेरे कमी केले, व्यास वाढवला, चौथे पाते जोडले आणि पात्याच्या मागच्या कडेला किंचित वाक दिला, म्हणजे तिथून पाणी निसटत नाही. पंखा पेलणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते; व्यासातला एक इंच म्हणजे किरकोळ फरक नव्हे. ओतून हाताने घासलेल्या पंख्याची जागा संगणकावर कोरलेल्या पंख्याने घेतली, तेव्हा चारही पाती खऱ्या अर्थाने सारखी झाली.

हे शहाणपण परदेशी बोटींच्या कारखान्यांतून यायची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नव्हते. गेल्या शतकाच्या मध्यानंतर कोकणातल्या मच्छीमार होड्यांना डिझेल मशीन बसू लागले. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला बंदर गाठतानाचा वेग आणि जाळे टाकल्यावरचा दोन-तीन नॉटचा वेग अशा दोन अवस्था असतात. त्याचे पोट भरते ते दुसऱ्या अवस्थेत, म्हणून तिथे मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा घालतात आणि मोकळ्या समुद्रातला एखादा नॉट सोडून देतात. ट्रॉलर मुळातच संथ आहे, त्याचे उदाहरण वेगाने धावणाऱ्या बोटीला कसे लावायचे, असे कोणी विचारेल. उत्तर सोपे आहे: वेकसर्फची बोटही कामाच्या वेळी संथच असते. तिचा साठ-सत्तरचा वेग माहितीपत्रकात छापलेला असतो, पण कामाचे तास अठराच्या वेगात जातात.

आता सुरुवातीच्या त्या आंदर मावळाचा विचार. मावळातले जलाशय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून वर आहेत. साधे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन या उंचीवर सहा-सात टक्के ताकद गमावते. पण याचा फार बाऊ करू नये. पंखा खेचणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने बदलते, त्यामुळे सात टक्के ताकद गेली तरी कमाल फेरे जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतात. पिच अर्धा ते एक इंच कमी केली की हिशेब जुळतो, कारण एक इंच पिच साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक करते. खरा फरक बोटीत किती माणसे बसतात याने पडतो. बोट बांधणाऱ्याने कुटुंबातल्या चार-पाच माणसांचा हिशेब धरलेला असतो. आपल्याकडे धंद्याच्या बोटीत दहा जण चढतात. शिवाय धरणाची पातळी पावसाळ्यानंतर भरलेली आणि उन्हाळ्यात खूप उतरलेली असते, आणि तळाशी जुन्या बांधांचे, झाडांच्या खोडांचे, कातळाचे अवशेष आहेत. शेवटी ही बुडालेली जमीनच आहे. एका पात्याचे टोक वाकले की सारा समतोल गेला. हातोडीने सरळ केलेले पाते दिसायला ठीक दिसते, पण त्याची पिच इतरांपेक्षा वेगळी झालेली असते आणि त्याचा हिशेब शाफ्टच्या बेअरिंगला चुकवावा लागतो. म्हणून मोजून घेतलेला दुसरा पंखा बोटीतच असला पाहिजे.

पंख्याच्या निवडीला एवढे महत्त्व कशाला, मोठे इंजिन घ्यावे, हा आक्षेप नेहमी येतो. मोठे इंजिन चुकीच्या पंख्याला अधिक जोराने चुकीचे फिरवते. पाण्यात बुडबुडे होतात, पात्यांवर खड्डे पडतात आणि इंधनाचा खर्च वाढतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता वेग संगणक राखतो, मग पिचमधली चूक तो सांभाळून घेईल. संगणक थ्रॉटल उघडू शकतो, पण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. भरलेल्या बोटीत नेमकी तीच वेळ येते. छोट्या पिचचा पंखा इंजिनाला मर्यादेपलीकडे पळवील ही भीती मात्र खरी आहे, आणि म्हणूनच चाचणी रिकाम्या बोटीवरही करायची: पूर्ण थ्रॉटलला फेरे उत्पादकाने सांगितलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकापाशी थांबले पाहिजेत, पलीकडे जाता कामा नयेत. भरलेल्या बोटीत तेच फेरे पट्ट्याच्या खाली घसरत असतील, तर इंजिन गुदमरते आहे.

याहून मूलभूत एक प्रश्न आहे: अशा बोटी इथे असाव्यात का? आंदर मावळातल्याच आंद्रा धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. ठोकळवाडीचे पाणी वीज कंपनीचे. पिण्याच्या पाण्यावर पेट्रोलची बोट नको, असे उत्तर कोणी दिले तर ते रास्तच आहे, आणि पंखा कितीही चांगला असला तरी ते बदलत नाही. गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या अशा बोटी आल्या आहेत. त्यांच्या मोटरीला उंचीने फरक पडत नाही आणि जागेवरूनच पूर्ण पीळ मिळतो, पण बॅटरी मर्यादित असल्याने त्यांत पंख्याची चूक आणखी लवकर जाणवते. परवानगी असलेल्या जागी बोट घेणाऱ्यांनी, मग ती मावळात असो वा कोयनेच्या पाण्यावर, एवढे करावे: विक्रेत्याला कमाल वेग विचारू नका. रोजची माणसे बसवा, टाकी भरा, मागे दोराला जड माणूस द्या, एप्रिलच्या दुपारी बोट जागेवरून सोडायला सांगा, आणि तो माणूस किती सेकंदांत उभा राहतो ते घड्याळावर मोजा. मग पंख्याचे पैसे द्या.