प्लाझ्मा टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

इयत्ता ४ थी

टीव्ही बंद पडला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, भंगारात द्या अन् नवा आणा. प्लाझ्मा टीव्ही असला तर हे भांडण लवकर मिटत नाही. कारण तसला टीव्ही आता कंपन्या बनवतच नाहीत. पॅनासोनिक कंपनीने २०१३ च्या शेवटी तो बनवणे थांबवले. सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये थांबवले. म्हणजे ज्यांच्या घरी प्लाझ्मा आहे, त्यांचा टीव्ही दहा वर्षांहून जुना आहे. आमच्या घरी आहे. मामाने नवा घेतला, तेव्हा जुना आम्हाला दिला.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते सांगते. या टीव्हीच्या पडद्याला दोन काचा असतात. दोन काचांच्या मध्ये अगदी बारीक बारीक खोल्या असतात. त्या खोल्यांत निऑन आणि झेनॉन नावाचे वायू भरलेले असतात. वीज दिली की वायूतून अतिनील किरण निघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण खोलीच्या आत एक भुकटी लावलेली असते, तिच्यावर ते पडले की ती लाल, हिरवी किंवा निळी चमकते. आपल्या वर्गातली ट्यूबलाइट अशीच लागते, फक्त तिच्यात पाऱ्याची वाफ असते. म्हणजे प्लाझ्मा टीव्ही म्हणजे लाखो चिमुकल्या ट्यूबलाइटच समजा. ४२ इंची पडद्यात बहुधा १०२४ गुणिले ७६८ ठिपके असतात आणि एका ठिपक्यात तीन खोल्या. मी पाटीवर गुणाकार केला, तर २३,५९,२९६ आले. एवढी माणसे आपल्या तालुक्यातसुद्धा नसतील!

हा पडदा पहिल्यांदा १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लोटो आणि रॉबर्ट विल्सन या तिघांनी तो केला. सुरुवातीचे असले पडदे एकरंगी असत, नारिंगी. असो.

आता मुख्य गोष्ट. टीव्ही बिघडला म्हणजे नक्की काय बिघडले, हे आधी बघायचे. काच बिघडली की बोर्ड बिघडला? काच बिघडली असेल तर काम संपले. त्या खोल्या कायमच्या बंद केलेल्या असतात. त्यात परत वायू भरता येत नाही, काचही सांधता येत नाही. पण बोर्ड काचेच्या मागे स्क्रूने बसवलेले असतात. ते काढता येतात, बदलता येतात.

हे ओळखायचे कसे ते तालुक्याच्या टीव्हीवाल्या काकांनी सांगितले. काचेला तडा गेला असेल तर विचारूच नका. उभी रेघ आली आणि ती जातच नसेल, तर बहुतेक वेळा काचेचाच बिघाड. एकच चॅनेल रोज लावून त्याचे चिन्ह पडद्यावर उमटून बसले असेल, तर तेही पुसता येत नाही. पण त्याने टीव्ही बंद पडत नाही, खुशाल बघा. आवाज येतो अन् चित्र येत नाही, असे झाले तर बहुधा पडद्याला वीज देणारा बोर्ड गेला. तो नवा येत नाही, जुन्या टीव्हीतून काढलेला शोधावा लागतो. आणि टीव्ही नुसता टिक टिक करतो, लाल दिवा लुकलुकतो आणि सुरूच होत नाही, तर पॉवरचा बोर्ड बघायचा.

आमच्या टीव्हीचे हेच झाले होते. बाबा म्हणाले, "हप्त्याने नवा घेऊन टाकू." आजी म्हणाली, "आधी उघडून तर बघा की. माणूस आजारी पडला तर डॉक्टरला दाखवत्यात का नाही?" काकांनी मागचे झाकण काढले. आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. काका त्यांना कंडेन्सर म्हणतात. चांगल्या कंडेन्सरचे डोके सपाट असते. आमच्या टीव्हीतले तीन पुरीसारखे टम्म फुगले होते. एक तर काही रुपयांना मिळतो. मजुरीसकट काकांनी ७०० रुपये सांगितले.

एक महत्त्वाचे. मागचे झाकण आपण उघडायचे नाही. प्लग काढला तरी आत २०० व्होल्टच्या वर वीज साठून राहते. काकांनीसुद्धा आधी बल्ब जोडून ती उतरवली, मगच हात लावला. आणि टीव्ही न्यायचा झाला तर उभाच न्यावा. आडवा टाकला तर काच तडकू शकते. तो जडही असतो, आमचा बाबांनी आणि चुलत्यांनी दोघांनी धरला.

आता बाबांचा मुद्दा. ते म्हणाले, प्लाझ्मा वीज फार खातो. ते खरेच आहे. आमच्या टीव्हीच्या मागे २५० वॅट लिहिले आहे. रोज ४ तास लावला तर १ युनिट जळते, महिन्याला ३० युनिट. ३२ इंची एलईडी टीव्ही ५० वॅटचा धरला तर त्याला महिन्याला ६ युनिटच लागतात. फरक २४ युनिटचा. युनिटला ६ रुपये धरले तर १४४ रुपये. रात्रीचे, अंधाराचे चित्र असले की प्लाझ्मा कमी वीज घेतो, म्हणून खरा फरक याहून थोडा कमी येईल. नवा टीव्ही दुकानात ११,००० ला आहे. दुरुस्तीचे ७०० वजा केले तर १०,३०० राहतात. ते विजेच्या बचतीतून वसूल व्हायला ७१ महिन्यांहून जास्त, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे लागतात. मी हा हिशोब बाबांना वहीत करून दाखवला. त्यांनी दोनदा तपासला.

माझे मत असे, की बोर्डाचा किरकोळ बिघाड असेल तर एकदा दुरुस्त करावा. मोठा बोर्ड गेला आणि तीन-चार हजार मागितले, तर देऊ नयेत. कारण आज बोर्ड घातला आणि उद्या काच गेली, तर ते पैसे बुडाले. दुरुस्ती करणाऱ्याला आधी विचारावे, किती दिवसांची हमी देता? काकांनी एका महिन्याची दिली. कमीच आहे, पण टीव्हीचे वय बघता जास्त कोण देणार?

मेलेला टीव्ही ओढ्यात टाकू नये किंवा जाळू नये. काही जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, ते विषारी आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यांप्रमाणे असला कचरा नोंदणी असलेल्या कारखान्यातच मोडायचा असतो.

आमच्या टीव्हीला तीन नवे कंडेन्सर बसले आणि चित्र आले. बाबांनी बाकीचे पैसे सोयाबीनच्या बियाण्याला ठेवले. काचेवर उभी रेघ आली तर मात्र एक रुपयाही घालायचा नाही, असे आईने आत्ताच सांगून ठेवले आहे. काका म्हणाले, "तसं झालं तर सेट मलाच द्या. काच गेली तरी यातले बोर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी टीव्हीला चालतील."